मीप गाईचं दाढीवालं वासरू

शब्दन् शब्द खरा आहे हो! खोटा निघाला तर माझी कवळी कॉफीत पडो आणि परत न सापडो!

ड्रेंथ प्रांतातल्या माळावर त्या केसाळ गाई मोकळ्या चरतात ना, त्यांच्यावर नजर ठेवायचं काम आल्टिनचं. बिनपगारी, पण तोरा असा की जणू माळ तिच्या माहेरचा. रोज सकाळी सायकल, दुर्बीण आणि चीज घातलेला पाव. कोण लंगडतंय, कुणाचं शेण पातळ झालंय, सगळं लांबूनच बघायचं. पंचवीस मीटरच्या आत जायचं नाही, गाय-वासराच्या मधे तर मुळीच नाही.

त्यात मीप तिची लाडकी. गाभण, दिवस भरत आलेले, म्हणून भलती तिरसट. नुकतीच तिनं फिरायला आलेल्या एका बाईची पाठपिशवी शिंगावर घेऊन माळभर मिरवली होती. वनरक्षक वुब्बोनं बजावलं होतं, "आल्टिन, आणखी एक तक्रार आली ना, की तुझी मीप ट्रकात आणि ट्रक खाटकाकडे."

तर त्या सकाळी आल्टिननं दुर्बीण लावली, आणि बघते तो काय! झुडपात तपकिरी केसाळ गोळा, आणि मीप त्याला चाटतेय. तिनं लगेच वुब्बोला फोन लावला. "अरे, व्यायली! वासराच्या कानात टोचायचा बिल्ला आणि पक्कड घेऊन ये!"

फोन ठेवते न ठेवते, तोच वासरानं चष्मा पुसला.

तो निघाला सिब्रांट, गावातला पक्षीवेडा. पाखरांना दिसू नये म्हणून सुतळ्या आणि गवत लावलेला डगला घालून पालथा पडला होता.

"मेल्या, ऊठ तिथून!" आल्टिन कुजबुजली. पंचवीस मीटरवरून कुजबुजायचं म्हणजे बोंबलूनच.

"गप गं! तिच्या पाठीवर पक्षी बसलाय. असला पक्षी या देशात कुणी पाहिला नाही!"

"आणि ती चाटतेय ते?"

"दाढी झाली. आता कान चाललाय."

तेवढ्यात वुब्बोची गाडी आली. गाईखाली माणूस दिसला की मीप संपली. आल्टिननं फर्मावलं, "सिब्रांट, वासरू हो!"

"बाप रे, काय दांडगं वासरू!" वुब्बो म्हणाला. "उभं का राहत नाही?"

"आळशी आहे. बापावर गेलंय."

पाखरासाठी सिब्रांटनं काय करावं? "म्हंऽऽ" केलं.

वुब्बोनं खाद्याची बादली वाजवली. मीपनं मान वळवली मात्र, त्यानं झेप घेतली, ओला कान धरला आणि पक्कड उघडली.

"अरे गाढवा, माझा कान!" वासरू ओरडलं.

वुब्बो बादलीतच बसला. मग भानावर येऊन किंचाळला, "हल्ला! माणसावर हल्ला! बोलवा ट्रक!"

"कसला हल्ला?" सिब्रांट उठून बसला. "ती तिकडे चरत होती, मीच जवळ आलो. पंचवीस मीटरचा नियम मी मोडला. तिनं काय केलं? माझ्या सख्ख्या आईनं मला एवढं स्वच्छ पुसलं नव्हतं!"

"मग ट्रकात तुलाच घालतो, चल!" वुब्बोनं त्याची बाही धरली. मीप शिंगं खाली करून फुरफुरली.

"वुब्बो," आल्टिन गोड आवाजात म्हणाली, "तू गाय-वासराच्या मधे उभा आहेस हं."

वुब्बो पावलं मोजत मागे गेला. नियम म्हणजे नियम, आणि तो आता त्यानंही मोडला होता! तक्रार करणार कोण, कुणाची? मीप माळावरच राहिली.

सगळं खरं. फक्त तो पक्षी... पक्षी मी घातला. सिब्रांटला तिथे नुसती झोप लागली होती. पण त्याच्या बायकोला अजून पक्षीच माहीत आहे, तेव्हा बोलू नका.