पांढरी चार

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता जमीलभाईंनी माझी वरची फळी उघडली आणि माझ्या पोटातून पितळेची एक पात काढून घेतली. करंगळीहूनही लहान. काम पावणेअकराला संपलं. तेवढा वेळ गल्लीतली पिठाची चक्की बंद होती.

मित्रांनो, मी वसमतकडच्या हट्टा गावच्या भजनी मंडळाची जुनी बाजाची पेटी आहे. नांदेडच्या एका गल्लीत त्रेचाळीस वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. अंग सागवानी, भाता जाड कापडाचा, आणि आत प्रत्येक सुरासाठी पितळेची एकेक पात. हवा आत आली की पात थरथरते, आणि तो थरथराट म्हणजे माझा आवाज. माझ्या पट्ट्यांना माणसांसारखी नावं नाहीत. रंग आणि आकडा एवढीच त्यांची ओळख. काळी एक, पांढरी दोन, असं. मंगळवारी जी पात निघाली ती पांढरी चारची होती.

मला हट्ट्यात आणलं त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. व्यंकटराव तेव्हा पंचविशीचे होते. त्यांनी मला बैलगाडीत मांडीवर घेऊन आणलं, खाली ठेवलं नाही. पुढची कितीतरी वर्षं सप्ताह, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही असलं की माझं बोलावणं यायचं. एकादशीच्या भजनात हरिचंद मृदंग धरायचे आणि व्यंकटराव मला. लोक म्हणायचे, पेटी बोलते. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मग एका तरुणाने शहरातून बॅटरीवर चालणारी पेटी आणली. तिच्यातून बासरीही निघायची. मी माळ्यावर गेले. तिथे सोयाबीनच्या बियाण्याची पोती होती आणि पोत्यांसाठी आलेले उंदीर होते. त्यांनी माझ्या भात्याचा कोपरा कुरतडला. दोन पावसाळ्यांच्या ओलीने पांढरी चारच्या पातीला तडा गेला. ती बॅटरीची पेटी बिघडली, दुरुस्त करणारा मिळेना, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

इथे जे घडलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

एकवीस वर्षांपूर्वी व्यंकटरावांनी मला जवळा बाजारला आठवडी बाजारात नेलं. जमीलभाई तिथे चक्कीच्या भिंतीला टेकून बसायचे. कुलपं, स्टोव्ह आणि पेट्या दुरुस्त करायचे. त्यांनी भात्याला ठिगळ लावलं आणि मोडीत निघालेल्या एका पेटीतली पात काढून मला बसवली. ती जरा चढी होती, म्हणून मुळाशी कानशीने घासली. पात मुळाशी घासली की सूर खाली येतो. किती खाली आला हे कानाने ठरवायचं असतं, आणि कानापाशी चक्की घरघरत होती.

जमीलभाई म्हणाले, "व्यंकटराव, चक्की थांबू द्या. एकदा पुन्हा ऐकतो. अर्धा तास बसा."

"जीप निघून राहिली, जमीलभाई. आज एकादशी हाय, लोक वाट पाहतील."

"मग जिम्मेदारी तुमची."

"माझी, माझी. भजनात कोण एवढं बारीक ऐकतं?"

मित्रांनो, ऐकणारं एक लेकरू होतं. गोजरबाईंची साधना तेव्हा सात वर्षांची. व्यंकटरावांच्या चुलतभावाची ही मुलगी. आईचं बोट सोडून ती रोज माझ्यासमोर येऊन बसू लागली. तिला शिकवायला दुसरं कोणी नव्हतं. मी वाजायचे आणि ती माझ्यासारखं म्हणायची. आमचं मंडळ काळी चारला सा धरून गातं, साधनाही. त्या मापाने पांढरी चार हा धैवत होतो, म्हणजे सातांतला सहावा सूर. माझा धैवत केसभर खाली होता. साधनाने तो तसाच उचलला. मंडळाने तर त्याआधीच उचलला होता, आणि सगळेच सारखे खाली आल्यामुळे कोणाला काही खुपलं नाही.

आठ वर्षांपूर्वी साधना टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. वीस वर्षांची होती. शेवटच्या सहांत पोचली. तेव्हा टीव्ही व्यंकटरावांच्या घरात माझ्या वरच्याच फळीवर होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं. तिने गौळण गायली. परीक्षक म्हणाले, "आवाज गोड आहे, पण धैवत खाली बसतो. एकदा नाही, प्रत्येक वेळी." ती बाद झाली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर हरिचंद म्हणाले, "मराठवाड्याची पोरगी म्हणून काढली. त्यांच्यातली असती तर ठेवली असती." व्यंकटरावांनी आत येऊन माझ्यावर कापड टाकलं. गावाने हरिचंदांचं म्हणणं पक्कं मानलं. साधनाने मात्र दोष आपल्या गळ्याला दिला. ती वसमतच्या एका शाळेत संगीत शिकवू लागली आणि आठ वर्षं मंचावर चढली नाही.

यंदा वाहिनीने पूर्वी बाद झालेल्या सहा जणांना परत बोलावलं. अट अशी की, ज्या गाण्यावर बाद झालात तेच पहिल्या फेरीत गायचं. सहांतले दोन पुढे जाणार. साधना तयारीला तीन आठवडे हट्ट्यात आली. आल्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, मोबाइलवर तानपुरा लावला आणि मला छेडलं. धैवतावर थांबली. तिने मोबाइलमध्ये दुसरं काही उघडलं, ज्यात सूर बरोबर असला की काटा मधोमध उभा राहतो. मग एकेक पट्टी दाबत गेली. काटा मधोमध, मधोमध, मधोमध. पांढरी चारला तो डावीकडे पडला. तिने ती पट्टी सात वेळा दाबली.

"काका, ही कधीपासून अशी आहे?"

"कशी?" व्यंकटराव म्हणाले.

"खाली."

"तुझा मोबाइल बिघडला आसंल."

संध्याकाळी मंडळ जमलं. साधनाने तानपुऱ्यावर खरा धैवत लावला. हरिचंद मृदंग थांबवून म्हणाले, "चढून गाऊन राहिली तू. काहून?"

"चढत नाही काका, सूर तिथेच आहे. आपण खाली आहोत."

"आमी वीस वर्षं गाऊन राहिलो. एकानं म्हणलं न्हाई धैवत खाली हाय म्हणून."

"सगळेच एकदम खाली असले तर म्हणणार कोण?"

हरिचंदांनी मृदंगाची दोरी ताणली आणि म्हणाले, "मास्तरीण झाली आता."

कोणी हसलं, कोणी नाही. व्यंकटराव उठून आत गेले. त्यानंतर साधना आतल्या खोलीत मोबाइलवर रियाज करायची आणि व्यंकटराव ओसरीवर मला घेऊन बसायचे, पण वाजवायचे नाहीत. अठरा दिवस असे गेले. एकदा त्यांनी नुसती पांढरी चार दाबली, बराच वेळ धरली, आणि आतून साधनाचा आवाज त्याच सुरावर आला. दोन्ही आवाज एकमेकांना घासले. व्यंकटरावांनी भाता सोडून दिला.

सोमवारी त्यांनी जमीलभाईंना निरोप धाडला. जमीलभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बाजारात बसणं बंद झालेलं. तरी ते मंगळवारी सकाळी आले. व्यंकटराव सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी हे थांबा म्हणले होते. मीच थांबलो न्हाई. पोरीचा गळा चांगला होता. खोट मी घरात आणली."

साधना उंबऱ्यात उभी होती. गोजरबाई म्हणाल्या, "आठ वर्षं गिळून बसले का हे, भाऊजी?"

"बसलो. गाव म्हणून राहिलं होतं परीक्षकांनी मुद्दाम काढली. मला ते बरं वाटलं."

जमीलभाईंनी चष्मा लावला. "आता बोलू नका. पंखा बंद करा. चक्की बंद करा." गोजरबाई स्वतः जाऊन चक्की थांबवून आल्या, दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. ह्या वेळी जमीलभाईंनी नवी पात आणली होती. घासायचे, फुंकायचे, ऐकायचे. शेवटी काटा मधोमध उभा राहिला तेव्हा ते काट्याकडे पाहतही नव्हते.

आता साधना पुढे जाण्याच्या शक्यतेबद्दल. मी पेटी आहे; जेवढी हवा तेवढाच आवाज, लाडाने वाढवून सांगता येत नाही. तिचा दम पूर्वीपेक्षा लांबला आहे. खालचे सूर भरीव झालेत. वीस वर्षांची असताना ती परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघून गायची; रोज चाळीस मुलांसमोर उभं राहून ती सवय गेली आहे. ह्या तिच्या बाजूच्या गोष्टी. उलट बाजूला एकच आहे. त्या गौळणीत धैवत अकरा वेळा येतो. मंगळवारी दुपारच्या बसआधी ती माझ्याबरोबर पूर्ण गाणं म्हणाली. नऊ वेळा धैवत जागेवर बसला. दोन वेळा खाली गेला, दोन्ही वेळा शेवटच्या ओळीत, जी मी तिला सगळ्यात आधी शिकवली होती. एकवीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत एवढीच सुटली. बाकीच्या पाच जणांना मी ऐकलेलं नाही. म्हणून ती पुढे जाईल की नाही, ह्याबद्दल हरिचंद छातीठोक सांगतात तसं मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे जुनी पेटी असेल तर तिला माळ्यावर टाकू नका, हे तर आहेच. पण ती वाजते म्हणून बरोबर वाजते असं समजू नका. तिच्यासमोर एखादं लेकरू बसवण्याआधी अर्धा तास थांबा आणि शांततेत ऐका. आमच्यासारख्यांना आपली चूक ऐकू येत नाही. आम्ही ती प्रामाणिकपणे शिकवत राहतो.

गुरुवारी मुंबईत चित्रीकरण होतं. चार वाजून वीस मिनिटांनी व्यंकटरावांचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर करून माझ्यावर ठेवला.

"काका, मोबाइल जमा करायला सांगून राहिलेत. पांढरी चार धरा."

व्यंकटरावांनी भाता ओढला. मी वाजले. तिकडे साधनाने तोंड मिटून तो सूर धरला. सुरुवातीला जरा खाली होता, मग वर आला, आणि मग मला माझा आवाज वेगळा ऐकू येईना. गोजरबाई परातीतले तांदूळ निवडायचे थांबल्या. साधनाने शेवटची ओळ सुरू केली. धैवत यायच्या आधी कोणीतरी तिचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

आज शनिवार आहे. निकाल सांगायला तिला बंदी आहे. कार्यक्रम उद्या दाखवणार आहेत. जुनी पात व्यंकटरावांनी कागदात गुंडाळून माझ्याच पेटाऱ्यात ठेवली आहे.