कॉमन फोल्डरमधली बाई

म्युझिक कंपनीची नोटीस आली, तेव्हा कुठे प्राचार्यांना कळलं, की आपल्या कॉलेजच्या सर्व्हरवर पंधरा वर्षं चोरीची अकरा हजार गाणी पडून आहेत. ती शुक्रवारपर्यंत पुसून टाकायचं काम लॅब असिस्टंट सम्राटकडे आलं. ते रास्तच होतं. इथेच शिकत असताना त्यातली बरीचशी त्यानेच चढवली होती.

दिवाळीची सुट्टी होती. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या आवारात तो, वॉचमन आणि वॉचमनची दोन कुत्री, एवढाच काय तो स्टाफ. पुसायला अर्धा तास पुरला असता. पण सम्राट सोमवारपासून हेडफोन लावून बसला होता. त्याला आधी त्यातलं एक गाणं हवं होतं. आईचं.

आई म्हणजे अंजना. कबनूरला मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर गायची. कुणीतरी भरलेली तिची कॅसेट सम्राटने कॉम्प्युटरवर घेतली आणि याच सर्व्हरवर हॉस्टेलच्या कॉमन फोल्डरमध्ये टाकली. पण कांड्या भरणाऱ्या बाईचं गाणं कोण उतरवून घेणार? म्हणून त्याने फाइलला त्या वर्षीच्या एका हिट सिनेगीताचं नाव दिलं. योजना फारच यशस्वी झाली. दोन दिवसांत तीनशे पोरांनी गाणं घेतलं आणि तीनशे पोरांनी शिव्या घातल्या. 'ही बाई कोण?' यावर मेसमध्ये आठवडाभर खल चालला. संशय नको म्हणून सम्राटनेही दोन शिव्या घातल्या.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. कॅसेटला बुरशी धरली होती. आणि नाव कुठल्या हिटचं दिलं होतं, ते काही केल्या आठवत नव्हतं. हिट पुष्कळ होते, एकेकाच्या चाळीस-चाळीस प्रती होत्या. तीन दिवस तो प्रत्येकाचे पहिले दहा सेकंद ऐकत होता. एवढी प्रेमगीतं त्याने लग्नाच्या वयातही ऐकली नव्हती, आणि तेव्हाही त्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

बुधवारी दुपारी त्याने पृथ्वीराजला फोन लावला. एकेकाळचा रूममेट, आता पुण्यात मॅनेजर.

"पृथ्व्या, ती बाई आठवतीया काय? हिट म्हणून फसवून टाकलेली?"

"इसरतोय व्हय! अलार्म लावलेला की मी तिचा. तू मुडद्यागत झोपायचास, तिच्या आवाजानं तेवढा उठायचास."

आणि त्याने गाण्याचं नाव ताडकन सांगितलं.

फोन चालूच ठेवून सम्राट एकेक प्रत लावत गेला. तेराव्या प्रतीला सिनेमाचं संगीत वाजलंच नाही. आधी खोकला आला, मग ढोलकी, मग आई. सम्राटने सगळ्यात आधी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. मग हेडफोनची वायर उपसली. रिकाम्या लॅबभर आई गायला लागली.

"हीच की ती!" फोनवर पृथ्वीराज ओरडला. "कोण होती रं?"

"आई हाय माझी."

लॅबमध्ये पहिलं कडवं संपलं.

"येड्या, सांगायचंस की तवाच," पृथ्वीराज म्हणाला. त्याचा मॅनेजरचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "आरं, त्या एका रविवारी काकू डबा घिऊन आलत्या बघ. तू खाली चहा आणाय गेलतास. मी त्यांच्याच म्होरं वाजीवलं. म्हटलं, काकू, बघा, ह्या बाईनं आमचं पार डोकं उठीवलंय."

"मग?"

"हसल्या. म्हटल्या, आवाज बसलाय रं बाईचा, बंद कर."

त्याच वर्षापासून आईने जयंतीला गायचं सोडलं होतं. मशीनवरच्या धुळीनं घसा धरतो, म्हणाली होती. सम्राटने तिला दोनदा खोकल्याचं औषध आणून दिलं होतं, आणि तिने ते मुकाट्याने घेतलंही होतं.