रविवार वगळून

आईने ऑक्सिजनची नळी नाकाखाली नीट बसवली, उशीला पाठ टेकली आणि म्हणाली, "हं, वाच."

मी मांडीवरच्या कागदावरून वाचलं. "दूध गोळा करायच्या फेऱ्यांचा प्रोग्रॅम. ओळ तीनशे दहा. वार रविवार असेल आणि शेताचा क्रमांक सहाशेच्या पुढचा असेल, तर ते शेत वगळलंय. का?"

"शिकागोवाल्यांना एवढंही कळत नाही?"

"काय होतं ते कळतं त्यांना. का होतं ते कळत नाही."

"सहाशेच्या पुढे सगळे आमिश, वीज-ट्रॅक्टर न वापरणारे जुन्या पंथाचे लोक. रविवारी धारा काढतात, पण दूध दाराबाहेर देत नाहीत. देवाचा वार. कॅन गार पाण्यात उभे करून ठेवतात आणि सोमवारी देतात. म्हणून सोमवारी गाडी सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे जाते. ते तीनशे चाळीसला आहे. तेही विचारतील, आत्ताच लिहून टाक."

मी वहीत लिहिलं. ती दम घेत थांबली. एका वाक्यानंतर तिला आता दोन वाक्यांइतकं थांबावं लागे.

आई आमच्या गावच्या दूध संघात अडतीस वर्षं प्रोग्रॅमर होती. आरपीजी नावाच्या भाषेत लिहायची. त्या भाषेत प्रत्येक अक्षराचा रकाना ठरलेला. अक्षर एक घर सरकलं तर अर्थ बदलतो, नाहीतर उरतच नाही. जुनी ओळ नकोशी झाली तरी कोणी पुसत नसे. सातव्या रकान्यात तारा (*) टाकला की यंत्र ती ओळ सोडून पुढे जाई, माणसाला मात्र वाचता येई. आईच्या प्रोग्रॅममध्ये अशा झोपवलेल्या ओळी हजारोंनी होत्या. कारणं मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. एकदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी होते ना तिथेच. कोणाला हवं असतं तर येऊन विचारलं असतं."

मार्चमध्ये संघाने हे सगळं एका नव्या भाषेत उतरवायचं काम शिकागोच्या एका कंपनीला दिलं. तिथे आरपीजी येणारं माणूस नव्हतं. आईच्या ओळी वाचायचा एक संगणक, आणि जे त्याला उमगत नसे ते ॲश्लिन नावाची मुलगी पत्राने आईला विचारायची. त्याच महिन्यात डॉक्टरांनी आईच्या फुप्फुसांचं सांगितलं. एखादं वर्ष, म्हणाले. आईने गाडीत बसल्यावर पट्टा लावला आणि म्हणाली, "प्रोग्रॅम सहाशे चाळीस आहेत. आठवड्याला पंधरा केले तर पुरतं."

सप्टेंबरअखेर प्रश्न यायचे थांबले. मग एका दुपारी संघाच्या मशीन रूमचा डुएन कोपेत्स्की आमच्या अंगणात गाडी उभी करून बसला. उतरलाच नाही. मी बाहेर गेले.

"गेल," काच खाली करून त्याने मला नावाने हाक मारली, "ते भाषांतर बंद केलं. संचालकांनी तयार सिस्टीम विकत घेतली. एकतीस डिसेंबरला जुनं मशीन बंद. तिची एक ओळसुद्धा पुढे जाणार नाही."

"आईला सांगितलंत?"

"मी? बत्तीस वर्षांत व्हर्नासमोर खोटं बोललेलो नाही. म्हणून तर आत येत नाही."

"मग एक करा. तिच्या प्रोग्रॅमचे छापील कागद मला आणून द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे. दुसऱ्या दिवशी ओसरीवर अकरा खोकी होती.

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. न कळणारी भाषा समोर आली की कुठून सुरुवात करायची एवढं मला माहीत आहे. सुट्टीच्या तासाला मी ते हिरव्या पट्ट्यांचे कागद उलगडायची आणि रकाने मोजत बसायची. आठवड्याला पंधरा प्रश्न काढायची. आईला कळू नये म्हणून वर 'शिकागो' लिहायची आणि तारीख घालायची.

"पुढचं," मी म्हणाले. "त्याच प्रोग्रॅममध्ये शेत क्रमांक पाचशे बारा. हा सहाशेच्या पुढे नाही. तरीही रविवारी वगळलाय, एकट्याचं नाव घालून."

आई हसली आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाण्याचा पेला धरला.

"तो जोनास बोर्नट्रेगर. पंथ सोडला त्याने. ट्रॅक्टर घेतला, वीज घेतली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, बाई, मला बाकीच्या लोकांच्या यादीत घाला. मी घातलं. चार दिवसांनी त्याची आई आली. बग्गीतून अकरा मैल. त्याच्याच मागच्या घरात राहायची. खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, तो गेला तो गेला, पण रविवारी त्याच्या फाटकात गाडी उभी राहिली तर ती माझ्या खिडकीतून दिसते."

"मग?"

"मग काय. जोनासला सांगितलं, मशीनमध्ये बिघाड आहे, रविवारचं जमत नाही. तो म्हणाला, असू दे. त्यालाही कळलं असणार." ती थांबली. "म्हातारी दोन हजार नऊमध्ये गेली. तेव्हा त्या ओळीवर तारा टाकायला हवा होता. राहून गेला."

"शिकागोला काय कळवू?"

"जे सांगितलं ते."

त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. संघ निम्मा रिकामा होता आणि गावातले पुरुष नारिंगी जाकिटं घालून रानात गेले होते. दुपारी डुएन त्याच नारिंगी जाकिटात आला, हातात बायकोने भट्टीत भाजून दिलेली बटाट्याची हॉटडिश. मी ती दारातच घेणार होते, पण आतून आईने हाक मारली.

"डुएन, बूट काढून आत ये. हरीण तर तुला मिळालेलं नाहीच."

"तुला कसं कळलं?"

"मिळालं असतं तर अजून तिथेच सांगत बसला असतास."

तो आत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. आईने त्याला श्वास घ्यायची सवड दिली, जशी ती हल्ली स्वतःला देत होती.

"बंद कधी करताय?" तिने विचारलं.

डुएनने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या भांड्याकडे पाहत होते.

"एकतीस डिसेंबर," तो म्हणाला.

"नव्यात रविवारचं काय?"

"नवं आपल्या आपण फेऱ्या आखतं. सातही दिवस. आमिशांना पत्रं गेलीत. एकाच वाराच्या ओळीने तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या की शेत यादीतून कमी."

"किती घरं आहेत आता?"

"बावीस."

"तू बोललास का कोणाशी?"

"बोललो. संचालक म्हणाले, कुठे नियम लिहिलेला असेल तर दाखव." त्याने टोपी गुडघ्यावर सपाट केली. "दाखवायला कुठे काय आहे, व्हर्ना?"

आईने नळी नाकाखाली पुन्हा नीट बसवली. मग म्हणाली, "हॉटडिश गरम आहे तोवर खाऊन जा." तो खाऊन गेला.

मी कागद आवरायला लागले. माफी मागायची होती, पण सुरुवात सापडत नव्हती.

"ती ॲश्लिन 'का' असं कधीच विचारायची नाही," आई म्हणाली. "'हे लागेल का' एवढंच. ऑक्टोबरपासून कोणीतरी मला 'का' विचारायला लागलं. मला तेव्हाच कळलं."

"मग उत्तरं का देत राहिलीस?"

"तू लिहून घेत होतीस ना. वाटलं, लिहिलेलं असलं म्हणजे उद्या कोणी दाखव म्हणालं तर दाखवता येईल." तिने डोळे मिटले. "हे मला आधी सुचायला हवं होतं. चाळीस वर्षांपूर्वी."

त्यानंतरही आम्ही रोज बसलो. वर शिकागो लिहिणं मी बंद केलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी प्रोग्रॅमपर्यंत पोचलो.

आई सोळा डिसेंबरला गेली. तिचं मशीन त्यानंतर पंधरा दिवस चालू होतं.

नाताळाच्या आधी मी सगळ्या वह्या दूध संघात नेल्या. फेऱ्यांच्या पानांना खुणा लावल्या होत्या, रविवारचं पान सर्वांत वर होतं. मॅनेजर सभ्य माणूस. उभा राहिला, आईबद्दल चांगलं बोलला, वह्या दोन्ही हातांनी घेतल्या. मग खोलीभर नजर फिरवून मलाच विचारलं, "कुठे ठेवू?"

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी चर्चमधून परतत होते. वळणापलीकडे हर्शबर्गर या आमिश कुटुंबाच्या फाटकात संघाची कॅनची गाडी उभी होती, इंजिन चालू. उपासनेहून परतणाऱ्या बग्ग्या रस्त्याच्या कडेने, बर्फात चाक घालून, तिला वळसा घालत होत्या. गाडीकडे कोणी पाहत नव्हतं. ड्रायव्हर नवा होता. त्याने हात केला म्हणून मी थांबले.

"बाई, इथे कोणी राहत नाही का?"

"राहतात."

"तिसरा आठवडा आहे. हॉर्न वाजवला, दार वाजवलं. आत माणसं दिसतात, पण कोणी येत नाही."

"आज रविवार आहे," मी म्हणाले.

त्याने केबिनमधल्या पडद्याकडे पाहिलं, बोटाने वर सरकवलं, मग खाली. सगळं नीट वाचलं त्याने.

"यात तसं काही नाही," तो म्हणाला, आणि पडद्यावरच्या 'फेरी रिकामी'वर बोट टेकवून पुढच्या फाटकाकडे निघाला.