सक्तीची सुट्टी

कंपन्यांमध्ये तिला पाठीमागे चाळणीबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. पैशाच्या कामात नियम पाळले जातात का, कुठे भोक राहिलंय, हे शोधून सल्ला देणं हा तिचा व्यवसाय; त्यातच केस पिकलेले. तिचा लाडका नियम एकच. जे काम एकाच माणसाच्या हातात आहे, ते वर्षातून एकदा सलग पंधरा दिवस दुसऱ्याकडे सोपवायचं आणि त्या माणसाला सक्तीने सुट्टीवर धाडायचं. कुंपणच शेत खात असेल तर ते कुंपण हलवल्यावरच दिसतं, असं ती साहेबलोकांना ठासून सांगे.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. अंथरुणाला खिळलेल्या, पण कानाने तिखट अशा सासूबाईंचं सगळं तिचा निवृत्त नवरा एकटाच बघत होता. त्याची पाठ धरली, उठता-बसता कण्हू लागला, तरी गडी मागे हटेना. शेवटी तिने आपला नियम घरात लावला. स्वतः रजा टाकली, नवऱ्याच्या हातात बॅग दिली आणि त्याला भावाकडे पिटाळलं. निघताना तो दारात घुटमळला. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, पण सांगितलं नाही.

दुसऱ्याच दुपारी चहा पाजताना सासूबाई सहज म्हणाल्या, "एवढी कामात असतेस, तरी रोज या वेळेला फोन करून माझी चौकशी करतेस. माझ्या पोटच्या लेकीला हे सुचत नाही गं."

तिने असा फोन कधीच केला नव्हता. कामाला जुंपली की तिला स्वतःच्या जेवणाची आठवण राहत नसे, सासूबाईंची कुठून येणार? म्हणजे तिचा फोन आला होता असं नवरा रोज आईला खोटं सांगत होता, आणि ती खोटी नोंद बायकोच्या नावावर, तीही जमेच्या बाजूला! लोकांना पैसे खाताना तिने जन्मभर पकडलं होतं. कुणी गुपचूप दुसऱ्याच्या खात्यात भर घालतंय, हे पहिल्यांदाच बघत होती. आधी तिला नवऱ्याचा राग आला. मग त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की कप खाली ठेवावा लागला.

आता करायचं काय? खरं सांगावं, तर नवरा आईसमोर खोटा पडणार. गप्प बसावं, तर न कमावलेलं कौतुक फुकट खात राहायचं, आणि ते तिला पचणारं नव्हतं. खोटी नोंद दिसली की खोडा, असा सल्ला तिने सगळ्यांना दिला होता. इथे मात्र तिने ठरवलं, नोंद राहू द्यायची आणि खरी करायची.

नवरा ताजातवाना होऊन परतला, ती कामावर रुजू झाली. दुपारी ऐन बैठकीतून उठून ती बाहेर आली आणि तिने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला.

"मी बोलतेय. आईंना विचारा, चहा झाला का."

त्याने अडखळत आईला विचारलं, चहा झाला का, ती विचारतेय. आपली चोरी पकडली गेली, हे त्याला कळलं होतं. तेवढ्यात मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अरे, झाला म्हणून सांग तिला. आज खरंच वाजला बघ फोन."