बिनआवाजाची फटफटी

बायको सुभद्राबाई गेल्या त्याला पावसाळा आणि हिवाळा उलटून गेला, पण तेव्हापासून अर्जुनरावांनी आपल्या घरात कुणाला हसताना पाहिलं नव्हतं. घरातली माणसं हसत नव्हती असं नाही. हसत होती, भांडत होती, सुभद्राबाईंच्या आठवणीही काढत होती. फक्त अर्जुनराव दारात पोचायच्या आत हे सगळं आवरून ठेवत होती. आवरायला वेळ मिळायचा तो फटफटीमुळे.

फटफटी अमेरिकन होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली, दोन सिलेंडरांची. एक सिलेंडर पुढं कललेलं, एक मागं. मूळचा सायलेन्सर सडून पडला होता आणि धुराचे दोन आखूड पाइप उघडेच राहिले होते. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, तिथं अर्जुनरावांच्या भट्टीच्या विटा जात, त्यामुळे त्यांचं दिवसभर फिरणं. संध्याकाळी परतताना ते कासारवाडीत असले, तरी आवाज नदीवरून त्यांच्या गावात, पिंपळे गुरवात पोचलेला असायचा. मग पारावरचे पत्ते गोळा व्हायचे आणि पत्ते खेळणारे आपापले चेहरे पाडून घ्यायचे. घरात थोरली विधवा बहीण अंबुबाई जपमाळ काढून भिंतीला टेकायच्या. मुलगा रंगराव उगाच आढ्याकडं बघत बसायचा. सून कुसुम दवाखान्यात विचारावं तशा आवाजात विचारायची, "मामंजी, चहा टाकू?"

सुभद्राबाईंचं नाव त्यांच्यासमोर कुणी घेत नव्हतं. "ते झालं तेव्हा", "आपल्या घरावर आलं तेव्हा", असं म्हणायचे. एकदा जेवताना अर्जुनरावच म्हणाले, "सुभद्रा कढीत जरा जास्त आलं घालायची."

"नको रे अर्जुना, असं मनाला लावून घेऊ," अंबुबाई म्हणाल्या, आणि ताट बाजूला सारून बसल्या. अर्जुनरावांनी मनाला काही लावून घेतलं नव्हतं. ते कढीबद्दल बोलत होते.

एक दिवस फटफटीची साखळी तुटली आणि ते भट्टीच्या बैलगाडीतून घरी आले. परसातून हसण्याचा आवाज येत होता. कुसुम म्हणत होती, "सासूबाई असत्या तर त्या बांगडीवाल्याला विहिरीपर्यंत पळवलं असतं!" आणि अंबुबाई हसत होत्या, खोकल्याची ढास लागेपर्यंत. अर्जुनराव कुडाशी उभे राहिले. किती दिवसांनी कुणीतरी तिच्याबद्दल बोलत होतं. तेवढ्यात बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, आणि परसात सगळं चिडीचूप झालं. हसण्यानं अंबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी तसंच दुःखाच्या कामी लावलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव मुद्दाम पायी आले. पण ते गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती, की अर्जुनरावांनी फटफटी सोडली, माणूस पार खचला. घरी सांगवीहून चुलते येऊन बसले होते. त्यांनी रात्रभर धीर दिला.

तेव्हा अर्जुनरावांनी ठरवलं, की फटफटीचं तोंड बंद करायचं.

चिंचवड स्टेशनाजवळ ज्योतीरामचं गॅरेज होतं. कोल्हापूरकडचा माणूस. या फटफटीची नस न् नस त्याला माहीत होती. अर्जुनरावांचं म्हणणं ऐकून त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"लोक माझ्याकडं आवाज वाढवून घ्यायला येत्यात, राव. किती कमी करायचा?"

"सायकलीएवढा."

"मग सायकलच घ्या की! दोन सिलेंडरांची वाघीण हाय ही. हिला मांजर करून कुणाचं भलं व्हणार हाय?"

खरं कारण सांगायला अर्जुनरावांची जीभ रेटेना. घरातल्या माणसांचं हसणं चोरून ऐकायचंय, असं सांगतात का कुणाला? ते म्हणाले, "भट्टीवरची माणसं आवाज ऐकून कामाला लागतात. एकदा गुपचूप जाऊन बघायचंय."

"हां! मग असं बोला की!" ज्योतीरामला कारण एकदम पटलं. त्यानं खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर बसकण मारली.

आधी त्यानं दोन सिलेंडरं काढली, मग चाकं, आणि मग पाइपांच्या रेघा ओढायला लागला. "बघा. दोन्हींची तोंडं उजवीकडं. पुढचा पाइप लांब येतोय, मागचा आखूड. हे नुसते एकत्र जोडले तर एकाची फुंकर दुसऱ्याच्या तोंडात, इंजिन गुदमरणार. म्हणून मागच्याला असा वळसा द्यायचा. दोघांची लांबी सारखी झाली की एका डब्यात सोडायचे."

"झालं मग."

"कसलं झालं? एका डब्यानं तोफेची बंदूक व्हईल. सायकल पाहिजे तर दुसरा डबा लागणार. पहिल्यातनं धूर दमून यायचा आणि दुसऱ्यात जाऊन झोपायचा."

"लाव दुसरा."

"लावला असता." ज्योतीरामनं जाड तार घेतली, पाइप जाईल तशी ती वाकवली आणि फटफटीला लावून बघितली. "उजवीकडं किकर हाय, ब्रेक हाय. तिथं दुसरा डबा बसत न्हाई. खाली घेतला तर गाडीवाटेच्या चाकोरीत घासणार. वर घेतला तर तुमची मांडी भाजणार."

"मग डावीकडं घे."

ज्योतीरामनं तार सोडली आणि दुसरी घेतली. ती वाकवली, उजवीकडं लावून बघितली. तिसरी घेतली. तीही उजवीकडंच.

"अरे, मी डावीकडं म्हणालो."

"डावीकडं जागा हाय तशी," ज्योतीराम फरशीकडं बघत म्हणाला. "म्हंजी हाय बी आणि न्हाई बी. तुमी मागं काय... पोतंबितं ठेवता का? न्हाई, आपलं विचारलं. कोण बसतं... काय ठेवता... त्यावर हाय सगळं."

अर्जुनरावांना आधी समजलं नाही. मग त्यांनी फटफटीच्या डाव्या अंगाला पाहिलं. मागच्या सीटखाली सागवानी फळी होती. बायका फटफटीवर एका बाजूला पाय सोडून बसतात, त्या पायांसाठी. ती ज्योतीरामनंच करून बसवली होती. सुभद्राबाईंचे पाय नीट टेकेपर्यंत त्यानं ती चारदा वरखाली केली होती. डबा नेमका तिथंच बसणार होता.

मागं बाई बसणार आहे का, एवढा एकच प्रश्न होता. सगळी आखणी त्यावर अडली होती, आणि हा पठ्ठ्या तो सोडून जगातलं बाकी सगळं विचारत होता.

"सुभद्राची फळी आड येतेय, असं सरळ म्हण ना," अर्जुनराव म्हणाले.

ज्योतीरामनं कान पकडावेत तसा चेहरा केला. "मी त्यांचं नाव काढलं न्हाई हां, राव. तुमीच काढलंत."

"बरं बाबा, मीच काढलं. पाना दे."

फळीचे नट फारसे आवळलेले नव्हते, तरी ते काढायला अर्जुनरावांना बराच वेळ लागला. मधे ज्योतीराम चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभा राहिला आणि चहा न सांगताच परत आला.

पुढं काम सरळ झालं. मागच्या सिलेंडरचा पाइप वळसा घेऊन पुढच्याला भेटला. दोघं मिळून उजवीकडच्या डब्यात गेले. तिथून एक पाइप गिअरबॉक्सखालून डावीकडं आला आणि दुसऱ्या, मोठ्या डब्यात शिरला. पहिल्यांदा किक मारली तेव्हा ज्योतीरामनं गॅरेजचं दार लावून घेतलं. गिऱ्हाइकांनी ऐकलं असतं तर त्याचं नाव गेलं असतं. फटफटी म्हातारा कुत्रा झोपेत घोरावा तशी बारीक घुरघुरत होती.

"झालं मांजर," ज्योतीराम म्हणाला, आणि त्यानं आपल्याच कामाकडं पाठ फिरवली.

त्या संध्याकाळी अर्जुनराव हळूच गावात शिरले. पारावर पत्ते नव्हते, सगळे हात जोडून उभे होते. घरी अंबुबाई माळ ओढत होत्या, रंगराव आढ्याकडं बघत होता.

"ज्योतीरामनं सायकलवरून माणूस धाडला होता," कुसुम खाली बघत म्हणाली. "फटफटीला आता आवाज न्हाई, घरच्यांनी दचकू नये, म्हणून."

अर्जुनराव कपाळावर हात मारून खाली बसले, तेव्हा अंबुबाई म्हणाल्या, "नको रे, असं करू नको."

ज्योतीरामची यात काही चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं भट्टीचं, आणि भट्टीला त्यानं कळवलं नव्हतं. पण ज्या माणसाबरोबर निरोप धाडला त्याचा मेहुणा भट्टीवर होता. त्यामुळं कधी पडल्या नाहीत एवढ्या विटा त्या आठवड्यात भट्टीवर पडल्या. मालक कुठल्याही क्षणी उगवेल म्हणून माणसं दिवसभर राबत होती. अर्जुनरावांना विटांचं काही पडलेलं नव्हतं. भट्टीवाल्यांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्यामुळं माणसं जास्तच घाबरली.

घरात मात्र वेगळं झालं. आवाजाची सूचना मिळेनाशी झाल्यावर घरच्यांनी उन्हं कलली की लगेच चेहरे पाडून बसायला सुरुवात केली. पण दुःखी चेहरा सबंध संध्याकाळ धरून ठेवणं हे कष्टाचं काम आहे. फटफटीला आवाज होता तोवर ते थोड्या वेळात भागत होतं. आता अंबुबाईंची मान अवघडली. रंगराव जनावरांच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन बसू लागला. काही दिवसांनी सगळ्यांनी हळूहळू तो नाद सोडला.

आणि एका संध्याकाळी अर्जुनरावांनी फटफटी कुडाशी उभी केली तेव्हा परसात खिदळणं चाललं होतं.

त्यांनी कुडाच्या फटीतून पाहिलं. उलट्या घातलेल्या पाटीवर रंगराव छाती काढून बसला होता, हातात फटफटीची मूठ धरल्यासारखं सूप. त्याच्यामागं कुसुम एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि त्याच्या कानाशी ओरडत होती, "अहो! दुसरी म्हैस घेऊ का?"

रंगरावनं वळून न बघता मान जोरात हलवली.

"अश्शीच हलवतो! अगदी अश्शीच!" अंबुबाईंनी पोट धरलं.

"सासूबाई मला सांगायच्या," कुसुम म्हणाली, "ह्यांना घरात विचारलं की विचार करत बसतात. फटफटीवर विचारावं. ऐकू काही येत न्हाई, आणि ऐकू आलं न्हाई असं कबूल करायचं न्हाई. मग मान हलवतात. एकदा हलवली की झालं."

अर्जुनराव कुडाला धरून उभे राहिले. म्हैस दारात आली तेव्हा सुभद्रा म्हणाली होती, "तुम्हीच हो म्हणालात की." त्यांना काही आठवेना. असं वरचेवर व्हायला लागलं तेव्हा आपली स्मरणशक्ती गेली या भीतीनं त्यांनी वैद्याकडून ब्राह्मीचं तेल आणलं होतं. आणि सुभद्रा ते रोज, चेहऱ्यावरची रेष हलू न देता, त्यांच्या टाळूवर चोळत होती.

आता आत गेलं की हे थांबणार होतं. न जाता उभं राहिलं तर रोज ऐकता आलं असतं, पण कुडाच्या बाहेरून. ते कुडापासून बाजूला झाले. मग दार ढकलून आत गेले.

रंगराव पाटीवरून उठताना सूप पडलं. कुसुम भिंतीशी सरकली. अंबुबाईंचा हात पदराकडं गेला.

"अंबे, डोळे पुसू नकोस," अर्जुनराव म्हणाले आणि त्याच पाटीवर बसले. "म्हशीचं कळलं. सुभद्रानं अजून काय काय विचारलं होतं?"

"मामंजी, चुकलं आमचं..."

"काय विचारलं होतं, ते सांग."

कुसुमनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा गोठ्याकडं बघत होता. "अंबूआत्यांना कायमचं इकडं ठेवून घेऊ का, असं विचारलं होतं," ती चाचरत म्हणाली.

"म्हंजी?" अंबुबाई ताठ झाल्या. "अर्जुना, तू बोलावलंस म्हणून आले ना मी?"

"मला वाटलं दिवाळीपुरती आलीस."

"अरे, त्याला किती दिवाळ्या झाल्या? मग आता काय, हाकलतोस मला?"

"मान हलवून बसलोय. आता कसा हाकलू?"

रंगरावला हसू फुटलं. ते दाबायला तो खोकला, पण खोकणं काही जमलं नाही. कुसुमला धीर आला.

"आणि तुमची बाजाची पेटी, मामंजी. ती चोरीला गेली न्हाई."

अर्जुनराव पाटीवरून अर्धवट उठले. "मी चौकीत जाऊन आलो होतो!"

"ठाऊक हाय. सासूबाई म्हणायच्या, रोज पहाटे तेच एक भजन, आणि तेबी चुकीचं. खेडला भावाकडं पेटी धाडू का, असं त्यांनी फटफटीवर विचारलं."

"आणि मी?"

"तुमी दोनदा मान हलवलीत म्हणे."

आधी अर्जुनरावांच्याच घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. अंबुबाई घाबरून पुढं झाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की भाऊ हसतोय. मग कुणीच कुणाला आवरलं नाही. कुसुम चौकीतल्या हवालदाराची नक्कल करायला लागली. सुभद्राबाईंनी त्याला ताक पाजून कसं वाटेला लावलं, तेही तिला ठाऊक होतं.

एवढा गलका ऐकून शेजारचा आबाजी कुडावरून डोकावला. संध्याकाळच्या अंधारात त्याला बायका आणि रंगराव तेवढे दिसले.

"काय गं, एवढं काय चाललंय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "अर्जुनराव आले न्हाईत वाटतं अजून?"

"न्हाई आले," पाटीवरून अर्जुनराव म्हणाले. "ये, बस."