माझ्या वाटणीचं डोकं

"आजोबा, माझं डोकं कुठाय?"

भरल्या टेबलावर, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात असं विचारून दाखव, असं माझ्या वर्गमैत्रिणींनी, सिनेवा आणि राग्नहिलनं, मला शाळेच्या बसमध्ये बजावलं होतं. "नाही विचारलंस तर गपचूप सॉसेज गिळायचं आणि पुन्हा आमच्यापुढे कुरकुरायचं नाही," ही राग्नहिलची अट. मी विचारलं. एका दमात!

नाताळाआधीच्या रविवारी सिनेवाच्या आजोबांकडे सगळं घर जेवायला जमतं, आम्हा मैत्रिणींनाही बोलावणं असतं. प्रत्येकाच्या ताटात खारवून, धुरी देऊन, मग वाफवलेलं मेंढीचं अर्धं डोकं. एक कान, एक डोळा, दातांची एक रांग. शेजारी बटाटे आणि शलगमाचा पिवळा लगदा. आणि माझ्या ताटात? सॉसेज. त्यावर केचप. वर कहर म्हणजे, कुणीतरी त्याचे तुकडे करून ठेवले होते! समोर बसलेली सिनेवाची चिमुरडी बहीण, जिचे पुढचे दात पडलेत, ती आरामात कान चावत होती आणि मला कापून दिलेलं सॉसेज!

"का गं, खांद्यावर आहे ते पुरत नाही का?" आजोबा म्हणाले. त्यांचं नाव तोरलाइव्ह, पण मीही त्यांना आजोबाच म्हणते. सगळे खो खो हसले. मी हसले नाही.

"आजोबा, मी चेष्टा करत नाहीये. गेल्या वर्षीही सॉसेजच होतं. आम्ही अमेरिकेतून इथे आलो, ते जुनं झालं आता. ट्यूबमधली माशांच्या अंड्यांची पेस्ट मी रोज डब्यात नेते. आंबवलेला मासा खाल्ला, कच्च्या कांद्याबरोबर, दोनदा मागून घेतला. ते तपकिरी गोड चीज तर इतकं खाते, की आमच्या फ्रिजमध्ये ते टिकतच नाही. मग डोकं तेवढं का नाही?"

"अगं, डोळा तुझ्याकडे बघतो खाताना," सिनेवाचा काका म्हणाला.

"बघू दे की! मीही बघेन त्याच्याकडे!"

राग्नहिलनं टेबलाखाली माझा पाय दाबला. हे तिच्या पैजेत नव्हतं. पण मला आता पैजेचं काही पडलं नव्हतं. इतक्या दिवसांचा राग वर आला होता. या घरात मी बर्फ उपसलाय, मेंढ्यांच्या कोकरांना बाटलीनं दूध पाजलंय, आणि जेवायची वेळ आली की मी पाहुणी?

तेव्हा सिनेवाच्या आजीनं, ब्रिताआजीनं, हातातली सुरी खाली ठेवली. "डिलेनी, बाळा, आम्ही नाही ठरवलं ते. तुझ्या आईचा फोन आला होता. गेल्या वर्षी, आणि यंदाही, मेंढ्या कापायच्या आधीच. म्हणाली, पोरीला सहन होणार नाही, पण ती तोंडानं नाही म्हणायची नाही. तिला साधं काहीतरी द्या, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका."

माझे कान तापले. इतके दिवस मी या बिचाऱ्यांवर जळफळत होते, आणि कारस्थान आमच्याच स्वयंपाकघरात शिजलं होतं!

"मग आज द्या ना. आता तर कळलं तुम्हाला."

"आज कुठून देऊ?" आजोबांनी हात पसरले. "ऑक्टोबरात मेंढ्या कापतो, तेव्हाच माणसं मोजतो. टेबलाला जितकी माणसं, तितकी अर्धी डोकी. तेवढीच भाजायची, मिठात घालायची, धुरात टांगायची. तुझ्या नावाचं टांगलंच नव्हतं, बाई."

म्हणजे ऑक्टोबरातच या घरानं माणसं मोजली होती आणि त्यात मी नव्हते. हे मला सॉसेजपेक्षा जास्त लागलं.

सिनेवानं आपल्या ताटातला कान कापून काट्यावर धरला. "घे. गरम आहे तोवर खा, चरबी गोठली की चव जाते."

"नको."

"नखरे नको करूस. घे!"

"मला तुझा उष्टा कान नकोय, सिनेवा. मला माझा हवाय."

आजोबांनी काटा ताटात ठेवला. मग म्हणाले, "लोकर जाळून डोकी भाजायला आम्हाला दरवर्षी माणसं कमी पडतात. ही सिनेवा नाक धरून पळते."

"आजोबा!"

"खोटं आहे का? जळक्या लोकरीचा वास आठवडाभर केसांतून जात नाही, डिलेनी. आधीच सांगतो. शाळेत कुणी शेजारी बसणार नाही. येशील?"

"येईन."

"ब्रिता, पुढच्या वर्षी एक अर्धं जास्त," आजोबा म्हणाले आणि डोळा काढायला वाकले. मी बटाटे आणि शलगम संपवलं. सॉसेजला हात लावला नाही.

घरी आले तर आई दारातच. "कसं झालं? पोटभर जेवलीस ना?"

"जेवले. तुझ्या फोनवर मागवलेलं सॉसेज होतं."

आईचा चेहरा पडला. सोफ्यावरून बाबांनी मान वर केली. गेल्या वर्षी या जेवणाला दात बघून अंगणात बर्फात जाऊन उभे राहिलेले हेच ते. यंदाच्या जेवणाची सर्दी त्यांना ऑक्टोबरातच झाली होती, म्हणून आईनं दोघांचंही नाही तेव्हाच कळवून टाकलं होतं.

"अगं, आलो तेव्हा तू शाळेतल्या चीजवरून किती रडली होतीस," आई म्हणाली. "तुझी फजिती होऊ नये म्हणून..."

"तेव्हा मी नवीन होते, आई! आता नाहीये. मला काय सहन होतं, ते तू लोकांना परस्पर का सांगतेस? तुला डोकं आवडत नाही, तर तू नको खाऊस. माझ्या ताटातलं का काढतेस? तुझ्या फोनमुळे त्यांनी मला मोजलंच नाही, कळतंय का तुला?"

"आवाज खाली," बाबा म्हणाले, पण स्वतःच खालच्या आवाजात.

"खाली घेते. पण नीट ऐका दोघांनी. पुढच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत तुम्ही स्पेनला जायचं ठरवलंय ना, मी येणार नाही. माझं तिकीट काढू नका. मी तोरलाइव्ह आजोबांकडे राहणार आहे आणि मेंढ्यांची डोकी भाजणार आहे."