रुखमाबाईचा न निघालेला फोटो

या, जरा पुढं सरकून बसा. मृदंगी अजून मृदंगाच्या पुडीला कणीक लावतोय, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होते. गोष्ट भीतीची आहे. पण त्या भीतीतही जिच्या तोंडचं नाम सुटलं नाही अशा एका बाईची आहे, म्हणून देवाच्या दारात सांगायला हरकत नाही.

सन एकोणीसशे सत्तावन्नचा चैत्र. चांद्याला उमाजी बोरकुटे नावाचा फोटोवाला होता. नागपूरच्या एका साप्ताहिकासाठी तो लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काळं फडकं सायकलला बांधून गावोगाव हिंडे. कुठं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असेल, कुठं तलावातली मासेमारी, तो जाऊन फोटो काढी. त्या वर्षी संपादकांना हरिनाम सप्ताहाचा फोटो हवा होता. म्हणून तो मोहर्लीच्या पलीकडे, जंगलाला चिकटलेल्या पांढरवाणी नावाच्या गावी पोचला. काल्याचं कीर्तन संपलं होतं, ऊन कलायला लागलं होतं.

गाव नाम घेत होतं खरं, पण जीव मुठीत धरून. महिन्याभरात मोहफुलं वेचताना दोघांना वाघानं उचललं होतं. त्याचं नाव कोणी घेत नसे. ‘मोठा’ म्हणत, तेही आवाज खाली करून.

“मांडवात उजेड नाही,” उमाजी म्हणाला. “त्या मोहाच्या झाडाखाली बसा सगळे. मागं जंगल, फोटो झकास येईल.”

कीर्तनकार इस्तारीबुवा कचरले. “तिथी नोको भाऊ. तिकडूनच मोठा येते. वाकलेला नाईतर बसलेला माणूस त्याले जनावर वाटते.”

“इतकी माणसं आहेत बुवा, दिवसाउजेडी. पाच मिनिटांचं काम.”

“चला ना बुवा,” टाळकरी रुखमाबाई म्हणाली. मासेमार ढिवरांच्या घरातली ही म्हातारी सातही दिवस टाळ घेऊन उभी होती. “नागपूरवाल्याइले आपले दात तरी दिसतीन.”

“तुले दात हायेत कुठी?”

“म्हणूनच तं तोंड मिटून बसीन.”

लोक हसले आणि निघाले. वीसेक माणसं मोहाखाली एका ओळीत बसली. मधे बुवा. उमाजीच्या डाव्या हाताला अगदी टोकाशी वच्छला नावाची तरणी बाई, मांडीवर तान्हं लेकरू. उजव्या टोकाला रुखमाबाई. “मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही,” असं बजावून उमाजीनं डोक्यावर काळं फडकं घेतलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर सगळं उलटं दिसतं. माणसं पायांना टांगल्यासारखी, डावं ते उजवं, उजवं ते डावं. दहा वर्षांत ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. काच अजून नीट जुळली नव्हती, चेहरे पुसट होते. तो काच जुळवू लागला, आणि उजव्या टोकाच्या बाईमागच्या वाळल्या गवतात एक पिवळं ढेकूळ हललं. थांबलं. मग जमिनीला दबलं. काचेत ते वर चढल्यासारखं दिसलं. त्याला दोन कान होते.

उमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडलं तर माणसं पळतील, आणि पळणाऱ्यातलं एक तो नेईल. त्याला एवढंच सुचलं की उजव्या टोकाच्या बाईला तिथून उठवावं.

“रुखमाबाई,” फडक्याखालून तो सावकाश म्हणाला, “तुम्ही त्या टोकाला, वच्छलाबाईंजवळ जाऊन बसा.”

“काऊन? इथी मी बरी नाई दिसत?”

“जा ना बाई. हळू जा.”

ती कुरकुरत उठली. काचेत एक उलटी आकृती डावीकडून उजवीकडे चालत गेली. पिवळ्या ढेकळाकडे. अगदी त्याच्या पुढ्यात जाऊन बसली.

तेव्हा त्याला उमगलं. भीतीच्या भरात तो काचेचं उजवं खरं धरून बसला होता. त्यानं फडकं ओढून काढलं. सुलट्या डोळ्यांनी दिसलं ते असं: डाव्या टोकाला वच्छला, तिच्याशेजारी उमाजीकडेच बघत बसलेली रुखमाबाई, आणि दोघींच्या पाठीमागं दहा पावलांवर, गवतात चपटं झालेलं ते तोंड.

रुखमाबाईनं उमाजीचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. मागं वळली नाही. ओठ फारसे न हलवता म्हणाली, “मागं हाये का?”

उमाजीनं होकारार्थी मान हलवली.

म्हातारी उठली. पुरी ताठ उभी राहिली आणि टाळ वाजवला. “बुवा, गजर उभ्यानं घ्या. उठा समदे. कोणी वाकू नोका, कोणी पळू नोका. वच्छले, तू मधात घूस. मंदिराकडं चाला.”

बुवा काय ते समजले. त्यांचा आवाज आधी फाटला, मग लागला. “राम कृष्ण हरी.” वीस माणसं एकमेकांना चिकटून मंदिराकडे सरकू लागली. कोणीतरी उमाजीचं मनगट धरून त्यालाही ओढलं. कॅमेरा तिथंच राहिला. सगळ्यांत शेवटी रुखमाबाई, गवताकडे तोंड करून, टाळ डोक्यावर धरून, नाम घेत, एकेक पाऊल मागं टाकत.

वाघ उभा राहिला. गुरगुरला, तसं पायांखालची जमीन थरथरल्यागत वाटलं. वच्छला बसली होती त्या जागेपर्यंत तो आला, तिथं नाक लावलं, मग पुढं येऊन तिपाईला खांदा घासला. कॅमेरा आडवा झाला, काचा फुटल्या. त्या खळखळाटानं तो दचकला आणि नाल्याकडे वळून दिसेनासा झाला.

मंदिराचं दार लागल्यावरही गजर थांबेना, कारण थांबायची कोणाची छाती नव्हती. उमाजीनं रुखमाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. “बाई, चूक माझी. तुम्हाला त्या मोहाखाली बसवलं तेही मीच. आणि काचेतलं उजवं मी खरं धरलं. तुम्हाला वाचवायला गेलो, आणि त्याच्याच तोंडाशी पाठवलं.”

म्हातारीनं टाळ खाली ठेवला.

“म्हातारीले मोठ्यापुढं नेऊन बसवलं,” ती म्हणाली, “अन् फोटो बी नाई काढला. कसा फोटोवाला हायेस रे बापू?” मग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “मले बी लय भेव वाटलं. पाय माहे नव्हतेच. पण तू तिकडं पाठवलं नसतं, तं वच्छलेच्या मागं कोण उभं राह्यलं असतं?”

साप्ताहिकात चार ओळींची बातमी आली, फोटोविना. पुढच्या पावसाळ्यात रुखमाबाई तापानं गेली. उमाजीनं पुढं हजारो माणसांचे फोटो काढले, पण तिचा फोटो जगात कुठंच नाही. तिचा चेहरा दाखवायला माझ्याकडेही काही नाही. म्हणून एवढंच मागणं: नाम घ्याल तेव्हा पांढरवाणीच्या रुखमाबाईची आठवण ठेवा.